वीस गुंठ्यांतला उन्हाळा: पाणी किती आणि तोडणी केव्हा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात नोकरी करता. सासवडच्या पुढे वीस गुंठे जमीन आहे आणि शनिवार-रविवार तिथं जाता. बारा गुंठ्यांत भेंडी, काकडी, टोमॅटो, कलिंगड, वांगी आणि एका कोपऱ्यात कोथिंबीर आहे. उरलेल्या जागेत आठ वर्षांची दहा केसर आंब्याची झाडं, चार अंजिराची आणि तीन कागदी लिंबाची. ठिबक सगळीकडे आहे. शेतावर राहणारे काका रोज सकाळी नऊ वाजता मोटर चालू करतात आणि दीड तासात विहिरीचा तळ दिसतो. तरीही दुपारी वेल माना टाकतात, शनिवारी जाऊन बघावं तर भेंडी निबर झालेली, काकडी कडू, आणि मागच्या आठवड्यात कलिंगडं जागच्या जागी तडकली. तुम्ही विचारताय, बोअर मारू का?

मारू नका. निदान या दुखण्यासाठी तरी नाही.

मी याच पुरंदर तालुक्यात बावीस उन्हाळे भाजी आणि फळझाडं सांभाळली आहेत. पहिली पाच-सहा वर्षं मीही पाणी आणि तोडणी ही दोन वेगळी कामं समजत होतो. पाणी मोटरवाल्याचं, तोडणी बायामाणसांची. नुकसान सोसून कळलं की उन्हाळ्यात या दोन्हींचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो. आज काय तोडायचं आहे त्यावर काल किती पाणी द्यायचं ते ठरतं, आणि कोणतं पीक आता तोडून संपवायचं त्यावर उद्याचं पाणी कुणाला ते ठरतं. तुमच्या चारही तक्रारी याच एका गाठीत अडकल्या आहेत.

आधी हिशोब करू. शनिवारी गेल्यावर एक दोनशे लीटरचं टिपाड घ्या, मोटरचा पाइप त्यात सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. समजा ७२ सेकंदांत टिपाड भरलं, तर तुमची मोटर तासाला १०,००० लीटर टाकते आणि दीड तासात विहिरीतून १५,००० लीटर निघतं. तुमचा आकडा थोडा वेगळा येईल, पण मोजल्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

आता गरज किती ते बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्या पठारावर उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला ९ ते १० मिलिमीटर आटतं. पूर्ण वाढलेलं भाजीचं पीक त्याच्या साधारण ०.७ पट, म्हणजे दिवसाला ७ मिलिमीटर पितं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लीटर, आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पानांनी झाकलेली जागा पासष्ट टक्के धरली तर एका गुंठ्याला रोज ४६० लीटरच्या आसपास लागतं. बारा गुंठ्यांना साडेपाच हजार. आंब्याचा पसारा चार मीटर रुंद धरला तर झाडाला ६० लीटर, दहा झाडांना सहाशे. अंजीर आणि लिंबू मिळून अजून तीनेकशे. सगळं जमेस धरून साडेसहा हजारांच्या आत. रोपं लहान असतील तेव्हा याच्याही निम्मं.

म्हणजे तुम्ही गरजेच्या दुपटीहून जास्त पाणी रोज उपसताय. जास्तीचं मुळांच्या खाली उतरतं आणि जाताना तुमचं खतही घेऊन जातं. त्याहून वाईट म्हणजे मुळांना हवा मिळत नाही. सतत चिंब मातीतली मुळं वरच्या चार बोटांतच पसरतात, खाली जायची त्यांना गरजच पडत नाही. मग एक दिवस वीज गेली की तेच झाड सगळ्यात आधी लोळतं.

दुपारी वेलानं मान टाकणं म्हणजे तहान असं समजू नका. काकडी, दोडका, कलिंगड यांची पानं मोठी असतात. दुपारी दोनच्या उन्हात पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळं ओढू शकत नाहीत, माती कितीही ओली असली तरी. पान मिटून घेणं हा वेलाचा स्वतःला वाचवायचा मार्ग आहे. संध्याकाळी सात वाजता बघा. पानं परत ताठ झाली असतील तर काही बिघडलेलं नाही. पहाटे सहा वाजताही वेल मलूल दिसला तरच तो खरा तहानलेला, नाहीतर मर रोग किंवा मुळांवरच्या गाठींचं दुखणं. काकांना एवढी एकच खूण शिकवा: दुपारच्या वेलाकडे बघून कॉक फिरवायचा नाही.

आणि माती बघा. ड्रीपरपासून, म्हणजे ठिबकच्या नळीवर जिथून थेंब पडतो तिथून, एक वीत लांब, कुदळीनं एक वीत खोल खणा आणि मूठभर माती हातात दाबा. लाडू वळला आणि बोटानं ढकलल्यावर फुटला, तर ओल बरोबर आहे. लाडू वळून हात चिकट झाला तर आज पाणी नको. मूठ उघडताच माती सुटली तर उशीर झाला. तुमच्याकडे मुरमाड आहे की काळी, ते तुम्ही लिहिलं नाही. मुरमाड असेल तर एकदम पंचेचाळीस मिनिटं देण्यापेक्षा पहाटे पंचवीस आणि संध्याकाळी पाचनंतर वीस मिनिटं असं तोडून द्या, कारण ती माती पाणी धरून ठेवत नाही. काळीत एकदाच द्या आणि गारव्याच्या दिवशी एक दिवस सोडलात तरी चालतं.

पंचेचाळीस मिनिटं कुठून आली ते सांगतो. बेड दीड मीटरवर आणि नळीवर चाळीस सेंटिमीटरला चार लीटरचा ड्रीपर असेल तर गुंठ्यात साधारण १६५ ते १७० ड्रीपर बसतात आणि तासाला पावणेसातशे लीटर पडतं. ४६० लीटरला चाळीस-बेचाळीस मिनिटं पुरतात. तुमच्या नळीवरचे आकडे वेगळे असतील तर त्रैराशिक मांडा. आणि ड्रीपर खरंच चार लीटर देतोय का तेही तपासा: शेवटच्या ओळीतल्या ड्रीपरखाली लीटरचं माप लावा, पंधरा मिनिटांत एक लीटर भरलं पाहिजे. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की गाळ आणि क्षार वाढतात, निम्मे ड्रीपर गुपचूप बंद पडतात आणि आपण पाणी कमी पडतंय म्हणून वेळ वाढवत बसतो. आठवड्यातून एकदा फिल्टर धुवा आणि नळ्यांची टोकं उघडून गढूळ पाणी जाऊ द्या. हे काम शनिवारी तुम्ही स्वतःच करा. दुसऱ्याच्या हातून हे नेमानं होत नाही, असा माझा अनुभव आहे.

नऊची वेळही बदला. नऊ-साडेनऊपर्यंत काळ्या नळ्या इतक्या तापलेल्या असतात की सुरुवातीचं पाणी हाताला चटका देतं. मोटरची थ्री फेज वीज दिवसा असेल तर मिळेल तितक्या लवकर, रात्री असेल तर पहाटेच्या टप्प्यात टायमर लावून घ्या. नळ्यांवर आणि बेडवर उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा. पाणी वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. फक्त आंब्या-अंजिराच्या बुंध्यापासून हातभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी बुंध्यावर चढते.

आता झाडांचं पाणी. तुम्ही फोटोत दाखवलेली आळी बुंध्याला चिकटून आहेत. ती तिथं असून उपयोग नाही. पाणी पिणारी बारीक मुळं पसाऱ्याच्या बाहेरच्या भागात असतात. मेच्या मध्यात पुण्याच्या अक्षांशावर सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी साडेबाराला झाडाखाली जी सावली पडते तिच्या कडेनं काठीनं गोल आखा. ड्रीपर त्या कडेच्या थोडं आत हवेत. आठ लीटरचे चार ड्रीपर लावलेत तर दोन तासांत ६४ लीटर मिळतात. लिंबाला तर बुंधा कोरडा ठेवणं फारच गरजेचं. खोडाला ओल लागली की डिंक्या होतो. जुने लोक लिंबाला दुहेरी आळं करायचे: आतलं आळं मातीनं भरून उंच ठेवायचं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. ठिबकच्या काळातही तो विचार सोडू नका. लिंबावर फळं असताना मात्र ताण पडू देऊ नका. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम पाणी सोडलं की लिंबं उभी चिरतात.

ही चिरण्याची गोष्ट तुमच्या कलिंगडांपर्यंत येते. फळ तयार व्हायच्या सुमाराला साल वाढायची थांबलेली असते आणि आतला गर अजून पाणी ओढत असतो. माती आधी कोरडी पडली आणि मग भरपूर पाणी मिळालं की आतून दाब येतो आणि साल फाटते. माझं सगळ्यात मोठं नुकसान असंच झालं. एका मेमध्ये आमच्या वस्तीचा डीपी जळाला, तीन दिवस वीज नव्हती. चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज आली आणि मी घाईनं सहा तास मोटर चालवली. वेल वाचवतोय या समाधानात झोपलो. सकाळी रानात गेलो तर फळं फुटल्याचे आवाज अजून येत होते. निम्मी कलिंगडं म्हशींपुढे टाकली. त्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं पाणी देऊन थांबलो असतो, दुसऱ्या दिवशी परत तितकंच दिलं असतं, तर ती वाचली असती. काकांना विचारा, तडकण्याच्या आदल्या दिवसांत कधी मोटर बंद होती का. बहुधा होतीच.

कलिंगडाला शेवटचे सात-आठ दिवस पाणी निम्म्यावर आणा, पण पूर्ण बंद करू नका. गोडी येते ती यानं. फळ तयार झालं की नाही हे ओळखायला टिचकीपेक्षा देठाजवळचा बाळतणावा, म्हणजे वेलाची गुंडाळलेली बारीक तार, बघा. तो पूर्ण वाळलेला असला आणि जमिनीला टेकलेला पांढरा डाग लोण्यासारखा पिवळा झाला असला तर तोडा. टिचकीच्या आवाजावर अनुभवी माणूसही दहात दोनदा फसतो. आणि एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. पालेभाजी, काकडी, भेंडी पहाटे तोडायची, पण कलिंगड भल्या सकाळी नको. रात्रभर पाणी पिऊन ते इतकं टंच असतं की गाडीत जरा धक्का बसला तरी उकलतं. दव उडाल्यावर नऊ-दहाच्या सुमाराला तोडा आणि लगेच सावलीत न्या. उघडी पडलेली फळं वाळल्या गवतानं झाका, नाहीतर ऊन लागून सालीवर पांढरे चट्टे पडतात.

काकडीचा कडवटपणा त्याच कुळातला आहे. वेलवर्गीय भाज्यांत कडू द्रव्य मुळात असतं. उष्णता आणि पाण्याची ओढाताण झाली की ते फळात उतरतं, देठाकडे जास्त. पाणी सारखं केलंत की आठ-दहा दिवसांत येणारी नवी काकडी सुधारेल, वेलावरची आताची सुधारणार नाही, ती तोडून टाका. दुधी कधी लावलात तर एक मात्र पाळा: कडू लागला तर एक घोटही पोटात जाऊ देऊ नका, रस तर नाहीच. कडू दुधीनं जोराच्या उलट्या आणि पोटात रक्तस्राव होऊन माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत.

टोमॅटोबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण फोटोत फळांच्या बुडाला काळे चट्टे दिसतात. तो रोग नाही, त्यावर बुरशीनाशक मारून पैसे घालवू नका. पाणी कमी-जास्त झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. मातीत कॅल्शियम भरपूर असतानाही हे होतं. फुलं गळतायत ती उष्णतेनं. पारा ३८ च्या वर गेला की फळधारणा होत नाही, त्याला इलाज नाही, पांढऱ्या शेडनेटनं थोडा आराम मिळतो इतकंच. असलेली फळं मात्र झाडावर लाल होऊ देऊ नका. टोकाला गुलाबी झाक आली की तोडा आणि घरात फरशीवर पसरा. ३० अंशांच्या वर टोमॅटोत लाल रंग नीट धरत नाही, म्हणून उन्हाळ्यात झाडावर पिकलेला टोमॅटो पिवळट-नारिंगी राहतो. घरात सावलीत तोच छान लाल होतो, आणि झाडावरचा भार आणि पाण्याची मागणीही कमी होते.

भेंडीबद्दल स्पष्ट बोलतो. शनिवारच्या माणसानं भेंडी लावू नये. फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत शेंग तयार होते, आणि उन्हाळ्यात तोडणी एक दिवसाआड झालीच पाहिजे. तुमची भेंडी निबर होण्याचं कारण पाणी नाही, कॅलेंडर आहे. शेंडा बोटानं मोडला की काड्‌दिशी तुटला पाहिजे. वाकला तर तिची वेळ गेली. त्याहून मोठं नुकसान असं की झाडावर चार निबर शेंगा लटकत राहिल्या की झाड बी पोसायला लागतं आणि नवी फुलं कमी करतं. पाणी तितकंच पितं, देत मात्र नाही. गवार, काकडी, दोडका यांचंही थोड्याफार फरकानं तेच.

दोन वाटा आहेत. पहिली, काकांच्या घरी वाटणी ठरवून द्या: एक दिवसाआड सकाळी आठच्या आत तोडायचं, अर्धा माल त्यांचा, विकावा की खावा त्यांचं ते बघतील. शनिवारी जे येईल ते तुमचं. आमच्याकडे ही पद्धत चांगली चालते, कारण तोडणाऱ्याला स्वतःचा माल दिसत असतो. तोडणाऱ्या हाताला भेंडीची लव खाजते, पातळ हातमोजे आणून द्या, छोटी गोष्ट आहे पण तोडणी टळते ती याच कारणानं. दुसरी वाट, पुढच्या उन्हाळ्यात आठवड्याच्या हिशोबानं पिकं निवडा. वांगी पाच-सहा दिवसांनी तोडली तरी चालतात, मिरची आठ-दहा दिवसांनी. शेवगा, लाल भोपळा, कोहळा, रताळी, लिंबू हे सगळे तुमची वाट बघतात. भेंडी बघत नाही.

कोथिंबिरीला मेमध्ये उघड्यावर टिकवणं म्हणजे पाण्याची उधळपट्टी. आंब्याच्या पूर्वेच्या सावलीत, जिथं दुपारनंतर ऊन येत नाही, तिथं दोन हातांचा वाफा करा. धने पायताणाखाली हलकेच रगडून दोन फाकळ्या करून पेरा. मेथी या दिवसांत फार लवकर फुलावर येते, तिच्याऐवजी तांदुळजा, माठ, अंबाडी पेरा. ही पिकं उन्हाळ्यात रमतात.

अंजिराबद्दल पुरंदरात राहून मी कमी लिहिलं तर शेजारी हसतील. आपल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तुमच्या चार झाडांवर आता जो माल आहे तो मीठा बहार, वर्षातला गोड बहार. गुरोळी-सिंगापूर या आपल्या गावांच्या पट्ट्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, अंजीर बिघडतं ते पाण्याच्या लहरीपणानं. पाणी एकदम वाढलं की फळ बुडाकडून उकलतं आणि त्यात मुंग्या शिरतात. म्हणून अंजिराला थोडं पण रोज, ठरल्या वेळी. अंजीर तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखं कच्चं तोडून ठेवलं तर ते नुसतं मऊ आणि बेचव होतं. मान झुकली, रंग जांभळट झाला आणि बोटाला किंचित नरम लागलं की तोडायचं, रोज, उजाडताना. उद्यावर ठेवलेलं पक्ष्यांचं. म्हणून तुमच्यासाठी चार झाडांवर जाळी टाकणं हाच उपाय, आणि आठवड्याभरातलं काकांच्या घरचं. देठातून पांढरा चीक येतो तो अंगाला लागला तर आग होते, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. क्रेटमध्ये तळाला आणि थरांमध्ये अंजिराचीच पानं घाला.

केसरची घाई करू नका. आपल्याकडे तो मेच्या अखेरीस तोडणीला येतो. फळाचे खांदे देठाच्या वर आले, देठाजवळ खळगा पडला आणि झाडाखाली एक-दोन पाडाचे आंबे आपोआप पडलेले मिळाले, की चाचणीपुरते चार आंबे तोडा आणि बादलीत टाका. बुडले तर तयार, तरंगले तर अजून आठवडा. तोडणीच्या आधी पंधरा-वीस दिवस पाणी कमी करत आणून बंद करा. त्या दिवसांतलं ते सहाशे लीटर भाजीला मिळतं आणि आंब्यालाही बरं. मुरमाड जमिनीत पानं मलूल दिसली तर हलकं पाणी द्या, हट्ट नको. तोडताना दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला वापरा, त्याला पाती असते आणि देठासकट आंबा जाळीत पडतो. देठ बोटाच्या पेराएवढा राहू द्या, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि तिथं काळा डाग पडतो. आंबा काठीनं झोडपून पाडायचा असेल तर मग तो लोणच्यालाच. अढी गवतात घाला, एकावर एक दोनच थर. पिकवायला कार्बाइडची पुडी कुणी आणून दिली तर परत करा, कायद्यानं त्यावर बंदी आहे आणि घरच्या आंब्याला त्याची गरजही नाही. फळमाशीचे रक्षक सापळे एप्रिलमध्येच टांगायला हवे होते, अजून टांगले नसतील तर याच शनिवारी टांगा. वळवाचे दोन पाऊस झाले की माशी वाढते. अळी फळ कापल्यावर दिसते, तोवर पाहुण्यांच्या ताटात आंबा गेलेला असतो.

माल तोडल्यावर गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवता का? तसं असेल तर शेतावर केलेलं सगळं तिथं मातीत जातं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणून एक साधी रचना दिली आहे: विटांच्या दोन भिंतींचा हौद, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर वाळ्याची किंवा गवताची झापड. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आत दहा-पंधरा अंशांनी गार राहतं. कोकणातल्या दमट हवेत तो इतका चालत नाही, पण सासवडला उत्तम. विटा तुमच्याकडे घराच्या कामातून उरल्याच असतील. तोवर ओलं पोतं क्रेटवर टाका. भेंडीवर मात्र ओलं काही नको, पाणी लागलं की ती काळी पडते.

शेवटचं काम बहुतेकांना जड जातं. जे पीक संपत आलं ते उपटा. तुमच्या भेंडीच्या झाडांना वरची चार पानं आणि दोन फुलं उरली असतील, टोमॅटोला करपा असेल, तरी आपण लावलंय म्हणून आपण पाणी देत राहतो. मी एका वहीत प्रत्येक तोडणीचं वजन लिहितो. लागोपाठ दोन तोडण्या भरातल्या तोडणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आल्या की त्या ओळीचा कॉक बंद आणि झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात, रोगट असतील तर खड्ड्याबाहेर जाळायला. अपवाद वांग्याचा. वांगी निरोगी असतील तर मेच्या शेवटी जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, पाऊस पडला की खोडवा फुटतो आणि श्रावणात परत वांगी येतात.

वळवाचा पाऊस झाला की काका दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मोटर लावतील, कारण त्यांना तसं सांगितलेलं आहे. उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि पाऊस थांबल्यावर त्यात पट्टी बुडवून बघायला सांगा. वीस मिलिमीटर भरलं तर दोन दिवस मोटर नाही, मग मातीचा लाडू बघून ठरवा. कलिंगड काढणीला आलेलं असेल आणि आभाळ भरून आलेलं दिसलं, तर जितकं तयार असेल तितकं पावसाआधी उचला. ते पाणी तुमच्या कॉकनं थांबणार नाही.

या शनिवारी जाताना टिपाड, लीटरचं माप आणि कुदळ एवढंच घेऊन जा, आणि आकडे मला कळवा: टिपाड किती सेकंदांत भरलं, मापात पंधरा मिनिटांत किती आलं, आणि एक वीत खाली माती कशी निघाली. अंजीर पहाटे सहाच्या आधी काढून ठेवा, उन्हं चढल्यावर ती गाडीत टिकत नाहीत.